हे इथेच कशावरून?

जेरुसलेमच्या जुन्या शहरात रोज भल्या पहाटे एक छोटासा सोहळा होतो. होली सेपल्कर चर्चचं दार बंद असतं. दारातल्या झरोक्यातून आतले धर्मगुरू एक लाकडी शिडी बाहेर सरकवतात. बाहेरचा माणूस ती दाराला टेकवून वर चढतो आणि वरचं कुलूप उघडतो. हा माणूस मुसलमान असतो. येशूला जिथे क्रुसावर चढवलं आणि जिथे पुरलं असं मानतात, त्या चर्चची किल्ली सांभाळतं जौदेह घराणं, तर दार उघडण्याचा मान नुसैबेह घराण्याचा. सलाउद्दीनने ११८७ मध्ये शहर जिंकलं तेव्हापासूनची ही वहिवाट, असं जौदेह सांगतात. नुसैबेह त्याहून मागे, थेट खलिफा उमरच्या काळापर्यंत जातात.

आत गेलं की वहिवाटीचा खरा अर्थ कळतो. ग्रीक ऑर्थोडॉक्स, रोमन कॅथलिक, आर्मेनियन, कॉप्टिक, इथिओपियन आणि सीरियन अशा सहा पंथांत ही वास्तू वाटलेली आहे. कुणी कुठला दिवा लावायचा, कुठली पायरी कुणी झाडायची, हे सगळं एकोणिसाव्या शतकातल्या ऑटोमन फर्मानांनी ‘जैसे थे’ गोठवून ठेवलं. दर्शनी भिंतीवर, खिडकीखाली एक शिडी टेकवलेली दिसते. अठराव्या शतकातल्या चित्रांतही ती तिथेच आहे, कारण ती कुणी हलवायची यावर एकमत नाही. २००२ मध्ये छतावरच्या एका कॉप्टिक साधूने ऊन लागतं म्हणून आपली खुर्ची सावलीत सरकवली. इथिओपियन साधूंना ते आपल्या हद्दीतलं अतिक्रमण वाटलं. हाणामारी झाली आणि अकरा जण जखमी झाले. बांधावरून भाऊबंदकी करणाऱ्या आपल्या मंडळींना हे ऐकून फारसं नवल वाटू नये.

‘होली लँड’च्या सहलीला जाणाऱ्यांना यातलं किती दिसतं? आठ दिवसांच्या आखणीत गालील, जॉर्डन नदी, मृत समुद्र आणि बेथलेहेम बसवायचं म्हटल्यावर जेरुसलेमच्या वाट्याला जेमतेम दीड-दोन दिवस येतात. गाइड छत्री उंच धरून पुढे चालतो. ‘हे इथेच घडलं’ असं सांगतो, फोटो होतात, बस सुटते. ‘इथेच कशावरून?’ हा प्रश्न विचारायला फुरसत नसते आणि अनेकांना तो विचारणं पाखंड वाटतं. वास्तविक या भूमीत तो प्रश्न सोळाशे वर्षांहून जुना आहे आणि श्रद्धाळूंनीच तो पुन्हा पुन्हा विचारला आहे.

उदाहरण याच कबरीचं. सम्राट कॉन्स्टंटाइनच्या काळात इथलं रोमन देऊळ पाडून चर्च उभारलं गेलं. ३३५ मध्ये त्याचं समर्पण झालं, १००९ मध्ये खलिफा अल-हाकिमने ते उद्ध्वस्त करवलं आणि आज दिसणाऱ्या इमारतीचा बराच भाग क्रूसेडरांच्या वेळचा, बाराव्या शतकातला आहे. एकोणिसाव्या शतकात युरोपातून आलेल्या प्रोटेस्टंट प्रवाशांना मात्र हे काही पटेना. धूप, काजळी, गलबला, पंथापंथांची भांडणं. शिवाय येशूची कबर शहराच्या वेशीबाहेर असायला हवी आणि हे चर्च तर तटाच्या आत! १८८३ मध्ये ब्रिटिश सेनानी चार्ल्स गॉर्डन याने दमास्कस दरवाज्याबाहेरच्या एका टेकडीत कवटीचा आकार पाहिला. त्या टेकडीलगतचं दगडात कोरलेलं थडगं हीच खरी कबर, असं मानणारा वर्ग तयार झाला. आज तिथे ‘गार्डन टूम्ब’ आहे. झाडं, फुलं, बाकं, शांतता. मनातल्या चित्राशी अगदी जुळणारं.

पुरातत्त्व मात्र गर्दीच्या बाजूने बोलतं. जेरुसलेमचा आजचा तट सोळाव्या शतकात सुलतान सुलेमानने बांधला. येशूच्या काळात चर्चची जागा तटाबाहेरच होती. याचा पुरावा चर्चमध्येच मिळतो. कबरीच्या मागे सीरियन पंथाचं एक काळवंडलेलं दालन आहे. त्याच्या भिंतीतल्या भगदाडातून वाकून पाहिलं की खडकात आडवे खोदलेले कोनाडे दिसतात. ही पहिल्या शतकातली ज्यू थडगी. बागेतलं थडगं मात्र अभ्यासकांच्या मते येशूच्याही सहा-सातशे वर्षं आधीचं, म्हणजे बायबल म्हणतं तसं ‘नवं’ नव्हेच. म्हणून बागेत बसून प्रार्थना करणाऱ्याचे डोळे पाणावले तर ते खोटे ठरतात का? नाही. पण दोन्हीकडे जाऊन आलेल्याला जी समज येते, ती एकीकडेच जाणाऱ्याला येत नाही.

‘व्हिया डोलोरोसा’, म्हणजे येशू क्रूस घेऊन चालला असं मानतात त्या दुःखाच्या वाटेचंही तसंच. दर शुक्रवारी दुपारी फ्रान्सिस्कन साधू बाजाराच्या गल्ल्यांतून चौदा थांबे घेत मिरवणूक नेतात. दोन्ही बाजूंना मसाल्याच्या राशी, खेळणी, टी-शर्ट. रोमन सुभेदार पिलाताने येशूचा न्यायनिवाडा शहराच्या पश्चिमेला हेरोद राजाच्या राजवाड्यात केला असावा, असं बरेच अभ्यासक मानतात. तसं असेल तर खरी वाट याच्या उलट दिशेने येत होती. पण शतकानुशतकं माणसं ज्या फरशीवरून रडत गेली, ती फरशीही आता इतिहासच झाली आहे. पर्यटकाला हे सांगायला हवं, एवढाच मुद्दा.

बेथलेहेम तिथून दहाएक किलोमीटरवर, पण मध्ये सिमेंटची उंच भिंत आणि तपासणी नाका. अर्ध्या दिवसात येशूच्या जन्मस्थानावरच्या चर्चमधला चांदीचा तारा पाहून, ऑलिव्हच्या लाकडाची एखादी मूर्ती घेऊन बस परतते. मुक्काम क्वचितच. ऑक्टोबर २०२३ नंतरच्या युद्धात तेही थांबलं. त्या वर्षी येशूच्या जन्मगावातच नाताळचा जाहीर सोहळा रद्द झाला. पुन्हा जाणाऱ्यांनी तिथे निदान एक रात्र काढावी. इतिहास बघायला गेलेल्या माणसाने चालू वर्तमानाकडे पाठ फिरवणं बरं दिसत नाही.

जेरुसलेममध्ये हिंदुस्थानची खूणही आहे. हेरोद दरवाज्याच्या आत ‘जाविया अल-हिंदिया’ म्हणजे भारतीय धर्मशाळा आहे. सुमारे आठशे वर्षांपूर्वी सूफी संत बाबा फरीद इथे ध्यानाला बसले होते, अशी श्रद्धा. १९२४ पासून मूळचं सहारनपूरचं अन्सारी कुटुंब ती सांभाळतं. सहलींच्या यादीत ती सहसा नसते.

मराठीचा धागा तर याहून जवळचा. कोकणातले बेने इस्राएल ज्यू १९४८ नंतर मोठ्या संख्येने इस्रायलला गेले. शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून ज्यांना गावात ‘शनवार तेली’ म्हणत, त्यांच्या ज्यूपणावर पवित्र भूमीतल्या धर्मगुरूंनीच शंका घेतली. लग्नांत अडथळे आले, आंदोलन झालं, आणि १९६४ मध्ये सरकारला ते पूर्ण ज्यू असल्याचं जाहीर करावं लागलं. हैफाच्या कार्मेल डोंगरात एलिया संदेष्ट्याची गुहा आहे. तिथे ही मंडळी मलिद्याचं ताट घेऊन जातात. आणि सुट्टीत भारतात आली की अलिबागजवळच्या सागाव-खंडाळे परिसरातल्या एका खडकापाशी येतात. स्वर्गात जाताना एलियाहू हनाबीचा, म्हणजे याच एलियाचा, रथ इथे टेकला, ही त्याच्या चाकाची खूण, असं त्यांचे आजोबा-पणजोबा सांगत आले. तेल अवीवमध्ये जन्मलेली नातवंडं त्या खाचेवरून बोट फिरवतात. तोवर मोठ्यांनी मलिद्यासाठी भिजवलेले पोहे, गूळ आणि ओलं खोबरं कालवायला घेतलेलं असतं.