पदपथ कोणाच्या पावलांसाठी?

'पदपथ' हा शब्द निबंधात बिनचूक लिहिणारे विद्यार्थी आमच्या शाळेत पुष्कळ आहेत. पदपथावरून शाळेत येणारे मात्र फार थोडे. यात विद्यार्थ्यांचा दोष नाही. बाजारपेठेतून निघताना रस्त्याच्या कडेने सिमेंटची एक पट्टी सुरू होते, दहा-वीस पावलांवर विजेच्या खांबापाशी ती अडते, पुढे एखाद्या दुकानाच्या पायऱ्यांत लुप्त होते आणि वळणापलीकडे पुन्हा डोके वर काढते. तिला पदपथ म्हणावे की नाही, याविषयीच सुज्ञांत दुमत होईल. पेडणे आणि डिचोली ही आमच्या नित्य परिचयाची दोन नगरे. एक चढउतारांवर पसरलेले, दुसरे नदीच्या काठी सखल भागात दाटीने वसलेले. दोहोंचे रूप भिन्न, परंतु पायी चालणाऱ्याची कथा बव्हंशी एकच. आणि ही कथा या दोन गावांपुरतीच आहे असेही नाही.

असे का व्हावे? निधी नाही, इच्छा नाही, ही नेहमीची उत्तरे आम्हांस पुरेशी वाटत नाहीत. आमच्या मते खरे कारण पदपथाच्या जन्मातच आहे. गोमंतकात वर्षाकाठी सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो, आणि तो बहुतेक सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. तेव्हा रस्त्याच्या कडेला प्रथम गटार हवे, हे ओघानेच आले. गटार उघडे राहिले तर कोणी पडेल, म्हणून त्यावर सिमेंटच्या लाद्या टाकल्या. लाद्या टाकल्या म्हणून माणसे त्यांवरून चालू लागली, आणि माणसे चालू लागली म्हणून तिला पदपथ असे भारदस्त नाव मिळाले. वस्तुतः तो पदपथ नव्हे. ते गटाराचे झाकण होय. त्याची रुंदी पाण्याच्या हिशेबाने ठरली, उंचीही पाण्याच्याच हिशेबाने. दरवर्षी पावसापूर्वी गाळ उपसण्यासाठी लाद्या उचलाव्या लागतात, आणि एकदा उचललेली लादी पुन्हा पूर्वीसारखी बसत नाही. कोठे फट राहते, कोठे लोखंडी कडी वर येते, तर कोठे लादीच हलते आणि पाऊल पडताच खालच्या पाण्याचा फवारा शाळेच्या गणवेशावर उडतो. या साऱ्या मांडणीत चालणाऱ्या माणसाचा विचार कोणत्याही टप्प्यावर झालेला नाही. तो आपण होऊन तेथे आला, इतकेच.

आता चालणाऱ्याच्या हिशेबाने पदपथ कसा असावा, हे काही गूढ शास्त्र नाही. १९३४ साली स्थापन झालेल्या इंडियन रोड्स काँग्रेस या संस्थेने पादचाऱ्यांच्या सोयींविषयी मार्गदर्शक नियम प्रसिद्ध केले आहेत. वस्तीच्या भागात पदपथाची निर्वेध रुंदी किमान १.८ मीटर असावी, बाजारपेठेत ती २.५ मीटर असावी, आणि रस्त्यापासूनची उंची १५० मिलिमीटरहून अधिक नसावी, असे ते सांगतात. 'निर्वेध' हा त्यातील कळीचा शब्द. दोन मीटरांच्या पदपथावर मधोमध खांब उभा असेल, तर तो पदपथ दोन मीटरांचा राहत नाही. खांब आणि भिंत यांच्यामध्ये जेवढी वाट उरते तेवढाच तो उरतो. १.८ मीटर हा आकडाही कोणी लहर म्हणून लिहिलेला नाही. दोन चाकांच्या खुर्च्या समोरासमोर आल्या, तर एकमेकींना जाऊ देण्यास तेवढी जागा लागते.

पदपथावर चढण्याच्या उताराविषयीही नियम आहे. एक भाग चढायचा तर बारा भाग लांबीचा उतार हवा. पदपथ १५ सेंटिमीटर उंच असेल तर उतार १८० सेंटिमीटर लांब होईल. नववीच्या विद्यार्थ्यांनी हे तोंडी करून पाहावे. आता बाजारातून एक फेरी मारली असता काय दिसते? चाकाच्या खुर्चीसाठी असा उतार शोधूनही सापडत नाही. मात्र दुकानादुकानापुढे आणि घराघरापुढे स्कूटर चढवण्यासाठी सिमेंटचा छोटेखानी उतार असतोच. त्यासाठी समिती नेमावी लागली नाही, निविदा काढावी लागली नाही. मालकाने गवंड्याला सांगितले, गवंड्याने थापी फिरवली, काम झाले. म्हणजे उतार करण्याची विद्या आपणांस अवगत नाही असे मुळीच नाही; कोणाच्या चाकांसाठी तो करावा, एवढ्यापुरताच आपला विचार थांबलेला आहे. शिवाय प्रत्येकाने आपल्या दारापुरता केलेला हा उतार पदपथालाच आडवा कापीत जातो. परिणामी चालणाऱ्याला सपाट वाट अशी मिळतच नाही. चढावे, उतरावे, पुन्हा चढावे, आणि गुडघे दुखू लागले म्हणजे मुकाट्याने डांबरी रस्त्यावर उतरून वाहनांच्या पुढ्यात चालावे.

ज्यांचे गुडघे तरुण आहेत त्यांना ही तक्रार किरकोळ वाटेल. त्यांच्यासाठी एक गोष्ट येथे नमूद करणे आम्हांस अगत्याचे वाटते. आमच्या परिचयाची एक विद्यार्थिनी चाकाच्या खुर्चीवर असते. तिचे घर शाळेपासून हाकेच्या अंतरावर आहे म्हटले तरी चालेल. ती हुशार आहे, बुद्धिबळ उत्तम खेळते आणि स्वतःची खुर्ची स्वतः चालवते. शाळेच्या आवारात तिला कोणाचा हात लागत नाही. परंतु घर ते शाळा ही वाट तिला एकटीने कधीच पार करता येत नाही. वडील सकाळच्या पाळीला नसले म्हणजे तेच तिला आणतात. ते पाळीला गेले की ती घरी. हजेरीपटावर त्या दिवशी 'गैरहजर' अशी नोंद होते. रजेचा अर्ज येतो तेव्हा त्यात 'आजारामुळे' असे लिहिलेले असते, कारण अर्जात लिहिण्याजोगी तेवढीच कारणे आपण मुलांना शिकवली आहेत. मुलगी आजारी नसते. आजारी असतो तो रस्ता. पण रस्त्याच्या आजाराबद्दल रजा मागण्याची पद्धत अजून पडलेली नाही.

२०११ च्या जनगणनेत गोव्यात ३३ हजारांहून अधिक दिव्यांग व्यक्तींची नोंद झाली. इतकी माणसे आपणांस बाजारात, देवळात, बसस्थानकावर दिसतात काय? ती दिसत नाहीत, म्हणून त्यांच्यासाठी वाट नाही. आणि वाट नाही, म्हणून ती दिसत नाहीत. या चक्रात वृद्धांची भर घालावी, गर्भवती स्त्रियांची घालावी, कडेवर एक आणि हाताशी एक मूल घेऊन बाजाराला निघालेल्या आयांची घालावी, म्हणजे पदपथ हा मूठभर लोकांचा प्रश्न आहे, हा समज टिकत नाही.

कोणी म्हणेल, पूर्वी तर पदपथ नव्हतेच, तेव्हाही माणसे चालतच होती. आमचे वाडवडील पेडण्याहून म्हापशाला पायी जात आणि वाटेत कोलवाळला नदी ओलांडीत. हे खरे आहे. परंतु त्या काळी सारा रस्ताच चालणाऱ्याचा होता. बैलगाडी आली तर ती पावलांच्याच गतीने येई. मोटार आली तेव्हा रस्त्याचा मधला भाग तिला गेला, आणि जो काठ उरला त्यास आपण पदपथ म्हणू लागलो. तेव्हा पदपथ ही पादचाऱ्याला दिलेली देणगी नव्हे. त्याच्या मूळच्या रस्त्यातला तो शिल्लक राहिलेला तुकडा होय. त्या तुकड्यावरही आता दुचाकी उभ्या राहतात, जाहिरातींचे फलक उभे राहतात, आणि खोदकामानंतर उरलेला खडीचा ढीग कायमचा मुक्काम ठोकतो. डिचोली तालुक्यातील लोकांनी तर खनिजवाहू ट्रकांच्या रांगांचे दिवसही काढले आहेत. रस्त्याच्या अगदी कडेला, अंग चोरून चालण्याची जी सवय येथील माणसाला लागली, तिचा उगम तेथे असावा अशी आम्हांस शंका येते.

पेडणे तालुक्याच्याच भूमीवर मोपा येथे मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळ उभा आहे. ५ जानेवारी २०२३ पासून तेथून प्रवासी विमाने ये-जा करू लागली. चाकाच्या खुर्चीवरील प्रवासी त्या इमारतीत शिरून एकही पायरी न चढता विमानात बसू शकतो. ही गोष्ट स्तुत्यच आहे. त्याच महिन्यात पणजीत दिव्यांगांसाठी पहिला पर्पल फेस्त भरला, तोही स्वागतार्ह होता. आमचे म्हणणे इतकेच की, पेडण्याच्या माणसाला मोप्याहून मुंबई गाठणे जितके निर्वेध झाले आहे, तितके बाजारातून भगवतीच्या देवळापर्यंत जाणे झालेले नाही. आणि विमानात तो वर्षातून एकदा बसला तर बसेल. देवीच्या दर्शनाला त्याला दसऱ्याला जायचे असते, पुनवेला जायचे असते आणि एरवीही जायचे असते.

अरुंद वाटेचा प्रश्न केवळ गैरसोयीचा नसतो, हे तर आपण अगदी जवळून पाहिले. ३ मे २०२५ रोजी पहाटे डिचोली तालुक्यातील शिरगाव येथे लईराई देवीच्या जत्रेत अरुंद, उताराच्या वाटेवर चेंगराचेंगरी झाली आणि भाविकांचे प्राण गेले. त्या दुर्घटनेची अनेक कारणे सांगितली गेली, आणि ती सारी पदपथाशी जोडणे योग्य होणार नाही. परंतु उतार किती आहे, कडेला दुकाने मांडल्यावर वाट किती उरते, मागे फिरायला जागा आहे की नाही, हे प्रश्न गर्दी जमण्याच्या आधी, शांतपणी, हातात टेप घेऊन विचारायचे असतात. देशभरात २०२२ या एका वर्षात रस्त्यांवरील अपघातांत १,६८,४९१ माणसे दगावली. त्यांतील ३२,८२५ पायी चालणारी होती.

विक्रेत्यांविषयी दोन शब्द स्पष्ट लिहिणे भाग आहे, कारण पदपथाचा विषय निघाला की प्रथम त्यांच्याकडेच बोट दाखवले जाते. डिचोलीचा बुधवारचा बाजार, पेडण्याचा गुरुवारचा बाजार, आणि चवथीपूर्वी माटोळीचे सामान घेऊन खेड्यापाड्यांतून येणाऱ्या स्त्रिया यांवाचून आमची गावे ही गावेच राहणार नाहीत. आंबाडे, चिबूड, तोरिंगे, सुपारीचे घोस, रानातली फळे-फुले डोक्यावर वाहून आणणारी बाई रस्त्याच्या कडेला बसते, ती संध्याकाळी उठून जाते. फलक उठत नाही, खांब उठत नाही, पक्के बांधकाम तर नाहीच नाही. पथविक्रेत्यांविषयीचा २०१४ चा कायदाही त्यांच्यासाठी जागा आखून द्या असेच सांगतो. तिला हुसकावून मिळवलेली वाट आम्हांस नको. तिच्या टोपलीमागे चालण्यापुरती रुंदी आखावी, म्हणजे गिऱ्हाईक तिच्यापर्यंत पोहोचेल आणि वाटसरू पुढे जाईल.

कायद्याची उणीव नाही. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा २०१६ चा कायदा रस्तेही सुगम असावेत असे सांगतो. १४ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निर्वेध पदपथाचा हक्क हा संविधानाच्या २१ व्या अनुच्छेदातील जीविताच्या हक्कात अंतर्भूत आहे, आणि पदपथ दिव्यांगांनाही वापरता आले पाहिजेत, असे सांगितले. पुढे त्याच वर्षी ऑक्टोबरात न्यायालयाने पदपथांच्या पाहणीचेही निर्देश दिले. पण ते दहा लाखांवर लोकसंख्या असलेल्या पन्नास शहरांपुरते. २०११ च्या गणनेत अवघ्या गोव्याची लोकसंख्याच साडेचौदा लाखांच्या आसपास होती. पेडणे आणि डिचोली त्या यादीत येण्याची वाट पाहणे म्हणजे नदी आटेपर्यंत काठावर बसणे होय.

यास्तव पाहणी आपणच करावी, आणि ती शाळेने करावी, असे आमचे मत आहे. साहित्य फारसे लागत नाही: मोजपट्टी, खडू, वही आणि गावाचा हाताने काढलेला नकाशा. भूगोलाच्या विद्यार्थ्यांनी नकाशा करावा, गणिताच्या विद्यार्थ्यांनी उतार काढावा. सिमेंटची रुंदी मोजू नये. जेथे सर्वांत कमी वाट उरते ती जागा मोजावी. लादी हलते काय, फटीत काठीचे टोक अडकते काय, फांदी डोक्याला लागते काय, संध्याकाळी दिवा लागतो काय, हेही लिहावे. दोघांनी छत्र्या उघडून शेजारी चालून पाहावे. गोव्यात ही परीक्षा टाळता येणार नाही. आणि ज्यांच्यासाठी हे सारे चालले आहे, ते पाहणीच्या तुकडीत असलेच पाहिजेत. जपानमध्ये सेइइची मियाके यांनी १९६५ साली पायांना उमगणारी उठावदार लादी शोधली, आणि १९६७ च्या मार्चमध्ये ओकायामा येथे अंधांच्या शाळेनजीकच्या रस्त्यावर ती प्रथम बसली. आमच्याकडे कित्येक शहरांत तीच पिवळी लादी सरळ जाऊन खांबाला भिडते. लावणाऱ्यांनी पांढरी काठी घेतलेला एक जरी माणूस सोबत नेला असता, तर त्याने दुसऱ्याच पावलाला ती चूक दाखवली असती.

पाहणी एकदा करून भागणार नाही. एक मे महिन्यात, गाळ उपसल्यावर आणि लाद्या परत बसवल्यावर. दुसरी चवथीच्या आधीच्या बाजाराच्या दिवशी, वाट सर्वांत दाट असते तेव्हा. नकाशाच्या तीन प्रती कराव्यात. रस्ता सार्वजनिक बांधकाम खात्याचा, गटार नगरपालिकेचे आणि खांब वीज खात्याचा असतो. तिघांनाही एकाच दिवशी एकच नकाशा मिळाला, म्हणजे 'हे आमच्याकडे येत नाही' हे उत्तर देताना प्रत्येकाला इतर दोघांचे नाव लेखी द्यावे लागेल. चौथी प्रत शाळेच्या ग्रंथालयात लावावी. पुढील वर्षीच्या वर्गाने तिच्यावरच लाल शाईने दुरुस्त्या कराव्यात.