महिन्याची शिस्त, वर्षभराचा ठेका

इफ्तारची वेळ जवळ आली की मशिदीजवळच्या रस्त्यावर खजुरांशेजारी भजी, समोसे आणि गोड सरबतांची दुकाने सजतात. गर्दीत रोजेदार असतात, तसेच शेजारपाजारचे खवय्येही. दिवसभराचा संयम रात्री ताटात विरघळतो. ‘एकादशी, दुप्पट खाशी’ ही म्हण कोणा एका धर्माची मक्तेदारी नव्हे. मात्र हृदयाचा ठेका बिघडलेल्यांना ही चूक महागात पडू शकते.

एट्रियल फिब्रिलेशन या विकारात हृदयाचे वरचे दोन कप्पे नीट आकुंचन न पावता थरथरतात. नाडी अनियमित होते, छातीत धडधडते, धाप लागते. काहींना तर काहीच जाणवत नाही. कप्प्यात रक्ताची गुठळी होऊन ती मेंदूकडे गेली, तर पक्षाघात होतो. हा धोका इतरांच्या सुमारे पाचपट मानला जातो.

‘गोळ्या चालू आहेत, वजनाचे पुढे पाहू’ ही समजूत घरोघरी आढळते. ऑस्ट्रेलियातील ॲडलेडच्या संशोधकांनी २०१५ मध्ये ती खोटी ठरवली. त्यांनी वजन जास्त असलेल्या ३५५ रुग्णांचा पाच वर्षे मागोवा घेतला. ज्यांनी किमान १० टक्के वजन घटवले, त्यांचा ठेका सुरळीत राहण्याची शक्यता सहापट होती. वजन सतत खालीवर होणाऱ्यांचा लाभ मात्र घटला. ऑस्ट्रेलियातल्याच २०२० च्या दुसऱ्या अभ्यासात नियमित मद्यपींपैकी ज्यांना दारू सोडायला सांगितले, त्यांच्यातील ५३ टक्क्यांना विकार उलटला. पिणे चालू ठेवलेल्यांत ७३ टक्क्यांना.

म्हणजे चालणे, मीठ कमी करणे, रक्तदाब आणि साखर आटोक्यात ठेवणे, घोरण्याची तपासणी करून घेणे हा फावल्या वेळचा सल्ला नसून उपचाराचाच भाग आहे. रमजानमध्ये कमावलेले ईदनंतर गमावले, तर हाती काही उरत नाही.

त्याचबरोबर सवयी सुधारल्या म्हणून रक्त पातळ करणारी गोळी स्वतःहून बंद करू नये. रोज्यासाठी गोळीची वेळ बदलायची, तर आधी डॉक्टरांना विचारावे. त्यांनी रोजा नको म्हटले, तर संकोच कसला? आजारी माणसाला सवलत खुद्द कुराणानेच दिली आहे. ती नाकारून पक्षाघात ओढवून घेण्यात कसलेही पुण्य नाही.