कुंकवाची द्रव्यशुद्धी

शारदीय नवरात्राचे घट बसले की घरोघरी कुंकुमार्चनाचे ताट देवीपुढे मांडले जाते. सहस्रनामातील एकेका नामासरशी चिमूटभर कुंकू चरणी वाहिले जाते आणि मागाहून तेच सुवासिनींच्या भाळी, लेकीबाळींच्या गळ्याशी, इतकेच नव्हे तर तान्ह्या मुलाच्या कपाळीही लागते. नामाचा उच्चार चुकू नये म्हणून आपण किती जपतो! परंतु ताटातले द्रव्य कोणते, हे क्वचितच कोणी विचारतो. आमच्या मते हा प्रश्न अर्चनेआधी विचारला गेला पाहिजे.

'कुंकुम' हा शब्द मुळात केशराचा वाचक. अमरकोशात तो त्याच अर्थाने आला आहे. सामान्य गृहस्थाला केशर कोठून परवडावे? तेव्हा आपल्या लोकांनी हळद घेतली, तिला लिंबाचा रस व टाकणखार यांचा संस्कार केला, वाळवली, कुटली आणि वस्त्रगाळ केली. हळदीचा पिवळा रंग क्षाराच्या योगाने तांबडा होतो, हे या विद्येचे मर्म. सोलापूर जिल्ह्यातील केम गावाने याच व्यवसायात नाव मिळवले. केशराच्या जागी हळद आली म्हणून जगदंबा रुसली नाही.

पुढे मात्र हळदीचीही जागा दुसऱ्याच द्रव्यांनी घेतली. स्वस्त आणि झगझगीत माल हवा म्हणून शंखजिऱ्याच्या भुकटीला कृत्रिम रंग चढवून तिला कुंकू म्हणू लागले. त्याहून घातक म्हणजे शिशाचे लाल भस्म. हाच आपला अस्सल शेंदूर. अमरकोशकारांनी सिंदुराला 'नागसंभव' असा पर्याय दिला आहे आणि तेथे 'नाग' म्हणजे सर्प नव्हे, शिसे! शेंदूर शिशापासून होतो, हे आपल्या पूर्वजांना पुरते ठाऊक होते; विसरलो ते आपण. हिंगूळही तसाच, पारा आणि गंधक यांच्या संयोगाचा. जुने आणि नैसर्गिक ते सारे निरुपद्रवी, असे म्हणणाऱ्यांनी एवढी दोन नावे ध्यानी घ्यावीत.

शिसे शरीरात शिरून साठत राहते. कपाळाच्या कातडीतून ते फारसे आत जात नाही हे खरे; पण लहान मुलाचा हात कपाळावरून थेट तोंडात जातो आणि पोटात गेलेले शिसे मोठ्या माणसापेक्षा बालकाच्या अंगी कितीतरी अधिक लागते. त्याचा पहिला घाला बुद्धीवर होतो, तोही बाहेर काही लक्षण न दाखवता. शिशाची निर्धोक म्हणता येईल अशी मात्राच ज्ञात नाही, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. अमेरिकेतील रटगर्स विद्यापीठाच्या संशोधकांनी तेथील व भारतातील दुकानांतून सिंदुराचे ११८ नमुने घेतले होते. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या त्या तपासणीत बहुतेक नमुन्यांत कमीअधिक शिसे निघाले. वस्तुतः सौंदर्यप्रसाधनांना रंग देण्यासाठी शिशाची संयुगे वापरण्यास आपल्या देशात कायद्यानेच मनाई आहे. पण जत्रेतल्या सुट्या ढिगावर ना उत्पादकाचे नाव, ना घटकांची यादी!

"देवाच्या शेंदराला विष म्हणता काय, बुवा?" असे कीर्तनानंतर आम्हांला विचारणारे भेटतात. मारुतीरायाच्या शेंदराशी आमचे भांडण नाही. पाषाणाच्या मूर्तीला शिसे बाधत नाही. मांडीवरच्या लेकराला बाधते. देवळातून आल्यावर मुलाला प्रसाद देण्याआधी त्याचे हात धुवावेत, शेंदराची डबी स्वयंपाकघरात ठेवू नये आणि बाळाला टिळा लावायचाच तर घरी उगाळलेल्या चंदनाचा लावावा. यात भक्तीला उणेपणा कोठे येतो?

शास्त्राने तर द्रव्यशुद्धी हा स्वतंत्र विषय मानला आहे. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात तांब्याकाशाची भांडी क्षार, आम्ल आणि पाणी यांनी, लोकरी कांबळी रिठ्याने, तर क्षौमवस्त्रे पांढऱ्या मोहरीने शुद्ध करावीत, असा तपशील आहे. ज्या वस्तूला जे मानवते तेच वापरावे, ही त्यामागची दृष्टी. देवाची उपकरणी चिंचेने आजही लख्ख निघतात. उलट घटस्थापनेपूर्वीच्या साफसफाईत ब्लीचिंग पावडर आणि फरशीचे ॲसिड एकत्र ओतणारी मंडळी आहेत. त्यातून क्लोरीन हा विषारी वायू निघतो आणि बंद न्हाणीघरात तो जिवावर बेततो. ही दोन द्रव्ये कधीही एकत्र करू नयेत.

    घरातल्या कुंकवात शिसे आहे की नाही, हे नुसते पाहून कळत नाही. त्याला प्रयोगशाळाच हवी. हळदीच्या पुडीतही उठावदार रंगासाठी शिशाचे क्रोमेट मिसळल्याचे प्रकार उघडकीस आले आहेत, म्हणून घरी कुंकू करणाऱ्यांनी तयार पूड न घेता फार पिवळीधमक न दिसणारी हळकुंडे पाहून घ्यावीत.

एकट्या गृहिणीने "हे कुंकू कशाचे?" म्हणून विचारले तर दुकानदार हसण्यावारी नेतो. नवरात्रात पोत्यांनी कुंकू उचलणारी देवस्थाने आणि महिला मंडळे यांचे तसे नाही. त्यांच्या शब्दाला बाजारात वजन असते. विश्वस्तांनी खरेदीपूर्वी शिशाच्या तपासणीचा दाखला मागावा, आणि तो न देणाऱ्याचे पोते दारातूनच परत पाठवावे.