मानसोपचार शिकवायला परदेशी जाणाऱ्यांसाठी लखनौचा दाखला

परदेशातील रुग्णालयांत काही आठवडे राहून मानसोपचार शिकवण्याच्या स्वयंसेवी योजनांचे तरुण डॉक्टरांना आकर्षण वाटते. हेतूबद्दल शंका नाही. प्रश्न मुक्कामाचा आणि भाषेचा आहे. पाहुणा नेत्रशल्यविशारद मोतीबिंदू काढून परत गेला, तरी रुग्णाला दिसू लागते. मनोविकारतज्ज्ञाचे तसे नाही. त्याचे तपासणीचे साधनच मुळी संभाषण आहे.

लखनौचे ‘नूर मंझिल’ हे मनोपचार केंद्र अमेरिकन मिशनरी ई. स्टॅन्ली जोन्स यांनी १९५० साली स्थापन केले. १९५६ च्या सुमारास दोन स्विस मनोविकारतज्ज्ञ या शहरात आले. मेडार्ड बॉस अतिथी व्याख्याते होते. त्यांनी भारतात प्रवास केला, साधुपुरुषांच्या भेटी घेतल्या आणि १९५९ साली त्यावर पुस्तक लिहिले. एर्ना होख मात्र राहिल्या. त्यांनी नूर मंझिलची सूत्रे सांभाळली, त्या हिंदी शिकल्या, पुढे श्रीनगरच्या वैद्यकीय महाविद्यालयात त्यांनी अध्यापन केले. तीस वर्षांहून अधिक काळ त्या भारतात होत्या. भारतीय मुलांविषयीचे त्यांचे पुस्तक १९६७ साली भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने प्रसिद्ध केले. बॉस यांचे नाव आज अधिक ऐकू येते. मला होख यांचे काम मोठे वाटते.

‘जी घबराता है’, ‘दिल बैठा जाता है’ असे सांगणाऱ्याला हृदयविकार आहे की नैराश्य, हे ठरवायला दुभाषा पुरत नाही. दुभाषा पुष्कळदा रुग्णाचे वाक्य नीटनेटके करून सांगतो, आणि तपासायचे असते ते नेमके त्या वाक्यातील विस्कळीतपणच.

भारतातून बाहेर गेलेल्यांतही असा दाखला आहे. मुंबईत जन्मलेल्या विक्रम पटेल यांनी १९९० च्या दशकात हरारे येथे शोना भाषेतील ‘कुफुंगिसिसा’, म्हणजे अतिविचार, या तक्रारीचा अभ्यास केला. आपल्याकडे ‘डोक्यात फार विचार येतात’ म्हणतात, तेच! १९९६ साली गोव्यात ‘संगाथ’ संस्थेच्या स्थापनेत त्यांचा वाटा होता. सरकारी आरोग्य केंद्रांत प्रशिक्षित स्थानिक समुपदेशकांच्या साहाय्याने नैराश्य व चिंताविकाराचे रुग्ण बरे होऊ शकतात, हे दाखवणारी गोव्यातील चाचणी २०१० साली ‘लॅन्सेट’मध्ये आली.

राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणानुसार (२०१५-१६) आपल्या देशात निरनिराळ्या मनोविकारांचे ७० ते ९२ टक्के रुग्ण उपचारांपासून वंचित राहतात. ही दरी पाहून मिळेल तो पाहुणा स्वीकारावासा वाटणे स्वाभाविक आहे. तरीही, त्याने सुरू केलेले लिथियम पुढे कोण चालू ठेवणार, रक्तातील पातळी कोण मोजणार, हे लेखी ठरल्याखेरीज कोणत्याही यजमान संस्थेने त्याच्या हाती रुग्ण सोपवू नयेत. त्याने निवासी डॉक्टरांना आणि परिचारिकांना शिकवावे, परतल्यावरही निदान वर्षभर त्यांच्या रुग्णांविषयी दूरसंवादाने चर्चा चालू ठेवावी. आणि वॉर्डातील पहिले काही दिवस त्यांच्या शेजारी बसून केवळ ऐकावे.