सौंदर्याला फूटपट्टी कशाला?

‘नाकीडोळी नीटस’ हे शब्द आपल्याला नवे नाहीत. स्थळं बघताना ते कानावर पडतातच. आता त्यांच्या जोडीला एक आकडा आलाय, १.६१८. मोबाइलवरची काही अ‍ॅप्स मुलीचा फोटो घेतात, कपाळ, नाक, हनुवटी मोजतात आणि चक्क मार्क देतात. आधार कशाचा? तर म्हणे ‘गोल्डन रेशो’चा, म्हणजे सुवर्ण गुणोत्तराचा! गणितानंच नापास केलं म्हटल्यावर पंधरा-सोळा वर्षांच्या पोरीनं दाद कुणाकडे मागायची? म्हणून मैत्रिणींनो, हे प्रकरण आपणच समजून घेऊ या.

शिवणाच्या डब्यातली टेप काढा. शंभर सेंटिमीटरच्या फितीचे दोन तुकडे करा, एक ६१.८ चा आणि दुसरा ३८.२ चा. अख्खी फीत मोठ्या तुकड्याच्या जितकी पट, तितकीच पट मोठा तुकडा लहान तुकड्याच्या. ही पट म्हणजे सुमारे १.६१८. झालं, एवढंच! इसवी सनापूर्वी ३०० च्या सुमारास युक्लिडनं ही विभागणी भूमितीसाठी लिहून ठेवली. चेहऱ्याचा त्यात उल्लेखही नाही. ‘सुवर्ण’ हे बिरुद १८३५ मध्ये मार्टिन ओम या जर्मन गणितज्ञाच्या पुस्तकात दिसतं. आणि माणसाचं शरीर याच प्रमाणात घडलंय, असा गाजावाजा १८५४ मध्ये आडोल्फ त्सायझिंग यांनी केला. म्हणजे हे ‘प्राचीन रहस्य’ तसं अलीकडचंच.

सोनं म्हटल्यावर ते सगळ्यांच्याच गळ्यात पडलं. अथेन्सचं पार्थेनॉन, मोनालिसा, समुद्रातला नॉटिलस शंख... जॉर्ज मार्कोव्स्की या गणितज्ञानं १९९२ मध्ये अशा अनेक समजुती तपासून त्यांतली हवा काढली. शंखाचंच बघा. एका पूर्ण वेढ्यात तो साधारण तिपटीनं वाढतो. सुवर्ण गुणोत्तराच्या हिशेबानं ती वाढ जवळजवळ सातपट हवी. कुठे तीन आणि कुठे सात!

खरी गोम मोजण्यात आहे. चेहऱ्याची लांबी केसांच्या रेषेपासून धरायची की डोक्याच्या टोकापासून? ओठांची रुंदी हसताना घ्यायची की गप्प असताना? चेहऱ्यावर दहा मापं घेतली, तर त्यांच्या पंचेचाळीस जोड्या होतात. त्यांतली एखादी १.६ च्या आसपास येणारच. जी जुळली ती सांगायची, बाकीच्या गुपचूप सोडायच्या! एटीएम कार्डही सुवर्ण प्रमाणातलं म्हणून खपवतात. ते ८.५६ सेंटिमीटर लांब आणि ५.४ रुंद असतं. भागाकार करून बघा, १.५८५ येतो.

मग हे गुणोत्तर खोटंच का? मुळीच नाही. सूर्यफुलाच्या बिया नीट बघा. त्यांच्या वळणदार रांगा एका दिशेनं मोजल्या तर बहुतेकदा ३४ भरतात, उलट दिशेनं ५५. मोठ्या फुलात ५५ आणि ८९. हे आकडे १, २, ३, ५, ८, १३ या मालिकेतले, प्रत्येक आकडा आधीच्या दोघांची बेरीज. मालिकेत पुढे जाल तसं शेजारच्या दोन आकड्यांचं गुणोत्तर १.६१८ कडे सरकतं. फिबोनाचीनं १२०२ मध्ये ही मालिका लिहिली, पण त्याच्या कितीतरी आधी, ११५० च्या सुमारास, आपल्याकडे हेमचंद्रांनी कवितेतल्या लघु-गुरूंची गणती करताना ती मांडली होती. आणि गंमत म्हणजे सूर्यफूल हे काही छान दिसण्यासाठी करत नाही. या रचनेमुळे बिया जागा वाया न घालवता दाटीवाटीनं बसतात.

गणित सुंदर आहे, ते मुलींना जरूर शिकवा. पण ते त्यांच्या नाकावर टेकवून कुणी मार्क देत असेल, किंवा ‘प्रमाण बिघडलंय, ट्रीटमेंट घ्या’ म्हणत असेल, तर पैसे काढण्याआधी एकच प्रश्न विचारा, ‘कुठून कुठपर्यंत मोजलंत?’ आजीचं नाक आणि आईची हनुवटी घेऊन जन्माला आलेल्या लेकीला कुठल्याच आकड्याचं प्रमाणपत्र लागत नाही. हे तिला अ‍ॅपच्या आधी आपण सांगायला हवं, नाही का?