कोर्स घेण्याआधी कागद मागा

‘सहा आठवड्यांत हलाल कमाई’, ‘आज रात्रीपर्यंतच सवलत’, ‘शंभर टक्के नोकरीची हमी’. अशा जाहिराती आपल्या तरुणांच्या मोबाइलवर रोज येतात. विकणारा सलाम करतो, बोलताना दोनदा इन्शाअल्लाह म्हणतो आणि आपण पावती मागायला लाजतो. ‘आपलाच भाई आहे’ या एका वाक्यावर कित्येक घरांतली साठवलेली रक्कम जाते.

ऑक्टोबर 2023 मध्ये सेबीने ‘बाप ऑफ चार्ट’ या नावाने चाललेल्या शेअर बाजाराच्या कोर्सविरुद्ध अंतरिम आदेश दिला. शिक्षणाच्या नावाखाली, नोंदणी नसताना खरेदी-विक्रीचे सल्ले दिले जात होते, असे त्यात म्हटले आहे. सुमारे 17 कोटी रुपये वेगळ्या खात्यात जमा करायला सांगण्यात आले. नफ्याचे आकडे दाखवणारा शिक्षक स्वतः मात्र अडीच वर्षांत अडीच कोटींहून अधिक तोट्यात होता!

म्हणून पहिला प्रश्न हाच विचारा: तुमची कमाई या कामातून होते की कोर्स विकून? ‘दोन मित्र जोडा, फी वसूल’ असे उत्तर आले तर तिथे शिक्षण नाही, साखळी आहे. 2021 च्या थेट विक्री नियमांनी अशा पिरॅमिड योजनांना मनाई केली आहे.

मग लेखी मागा: संस्थेचे नाव-पत्ता, शिकवणारा कोण, तास किती, फी परत कधी मिळेल. त्यांनी पाठवलेल्या स्क्रीनशॉटवर जाऊ नका. जुने विद्यार्थी स्वतः शोधून बोला. ‘नो कॉस्ट ईएमआय’वर सही करण्याआधी पाहा, कारण बहुधा ते वित्तसंस्थेचे कर्ज असते. कोर्स बंद पडला तरी हप्ते सुरू राहतात आणि व्याजापासून दूर राहू पाहणारा मुलगा कर्जदार होऊन बसतो. घाई केली जात असेल तर एक रात्र थांबा. तोच विषय सरकारच्या ‘स्वयम्’ पोर्टलवर आहे का, तेही पाहा. तिथे शिकणे मोफत आहे, प्रमाणपत्राच्या परीक्षेलाच फी लागते.

कागद मागणे म्हणजे भावावर अविश्वास नव्हे. उधारीचा व्यवहार लिहून ठेवा, अशी आज्ञा सूरह अल-बकरामध्ये आहे. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी बाजारात धान्याच्या ढिगात हात घालून खालचे ओले धान्य उघडे केले आणि विकणाऱ्याला जाब विचारला. तपासणे ही आपलीच शिकवण आहे. प्रामाणिक शिक्षक या प्रश्नांनी नाराज होत नाही.

फसवणूक झालीच तर ग्राहक हेल्पलाइन 1915 वर तक्रार करा; ऑनलाइन पैसे लुबाडले असतील तर लगेच 1930 वर फोन करा. ‘कौमची बदनामी होईल’ म्हणून गप्प बसू नका. आपण गप्प बसलो की तोच माणूस पुढच्या मोहल्ल्यात नवा कोर्स विकतो.