तोळ्याचा हिशेब आहे, माणसाचा नाही

भारत आणि संयुक्त अरब अमिराती यांच्यातला सर्वंकष आर्थिक भागीदारी करार १ मे २०२२ पासून लागू झाला. वर्षाला २०० टनांपर्यंत सोने सवलतीच्या शुल्कात आणण्याची मुभा त्यात आहे. पुढे प्लॅटिनमच्या मिश्रधातूच्या नावाखाली सोनेच येऊ लागल्याचे दिसताच दिल्लीने नियम आवळले. २०२४-२५ मध्ये दोन्ही देशांतला व्यापार १०० अब्ज डॉलरवर पोहोचला. मालावर एवढी बारीक नजर ठेवणारे हे सरकार, त्याच वाटेने जाणाऱ्या माणसाची मात्र नीट नोंदही ठेवत नाही.

या माणसाच्या कमाईची वाट रुपयातून जाते, आणि रुपया आखाताला नवा नाही. दुबई, शारजात १९६६ पर्यंत रिझर्व्ह बँकेने खास छापलेला ‘आखाती रुपया’ चालत असे. त्या वर्षी रुपयाचे अवमूल्यन झाले आणि तो व्यवहार संपला. जुलै २०२३ मध्ये रुपया-दिरहममध्ये थेट देवघेवीचा समझोता झाला. त्याखालचे पहिले व्यवहार २५ किलो सोन्याचे आणि इंडियन ऑइलने घेतलेल्या दहा लाख पिंप तेलाचे. त्याच वेळी आपली यूपीआय आणि अमिरातीची झटपट पैसे पाठवण्याची यंत्रणा जोडण्याचेही ठरले होते. ती जोडणी पगारदार कामगारासाठी अधिक मोलाची आहे. पगार झाला की शारजातला सुतार किंवा गवंडी एक्स्चेंजच्या खिडकीपाशी उभा राहतो, फलकावरचा भाव बघतो, आणखी एक दिवस थांबावे का याचा विचार करतो. शुल्क दर व्यवहारामागे ठरलेले, म्हणजे हजार दिरहम पाठवणाऱ्याला ते पाच हजारवाल्यापेक्षा जड. भावातला फरक वेगळाच कापला जातो.

आता आपल्या राज्याकडे वळू. रिझर्व्ह बँकेच्या पाहणीनुसार २०२३-२४ मध्ये परदेशातून आलेल्या पैशांत महाराष्ट्राचा वाटा २०.५ टक्के, म्हणजे देशात पहिला. केरळ १९.७ टक्क्यांवर. देशांमध्ये अमेरिका अमिरातीच्या पुढे गेली असली तरी अमिरातीचा वाटा अजून १९.२ टक्के आहे. पण ही माहिती बँका आणि पैसे पाठवणाऱ्या कंपन्यांकडून घेतलेली. त्यातले पुण्यातल्या संगणक अभियंत्याच्या घरी किती आले आणि खेड, मंडणगड, म्हसळ्याच्या घरांत किती, हे त्यातून कळत नाही.

कळणार तरी कसे? परदेशी नोकरीसाठी सरकारी मंजुरी लागते ती दहावी न झालेल्यांना. कोकणातला दहावी-बारावी झालेला तरुण त्या यादीत येतच नाही. जो यायला हवा, त्यालाही एजंट ‘व्हिजिट’ व्हिसावर पाठवतो, मग ना नोंद, ना नोकरीचा करार, ना २७५ रुपयांत मिळणारा दहा लाखांचा सरकारी विमा. नोंदणीकृत एजंटाला ३० हजार रुपये आणि जीएसटी एवढेच घेता येतात. गावात फिरणारा बिननोंदणीचा मध्यस्थ त्याच्या कितीतरी पट मागतो आणि घरचे दागिने गहाण पडतात. सुरुवातीच्या महिन्यांत घरी येणारा पैसा ते सोडवण्यातच जातो, ही या साऱ्या व्यवहारातली सर्वांत संतापजनक बाब आहे.

केरळने १९९६ मध्ये अनिवासी केरळीयांसाठी स्वतंत्र खाते काढले. तिरुवनंतपुरमच्या सेंटर फॉर डेव्हलपमेंट स्टडीज या संस्थेने १९९८ मध्ये तिथे घरोघर स्थलांतराची पाहणी सुरू केली. कोण गेले, कोण परतले, किती कर्ज काढले, हे त्या राज्याला ठाऊक असते. परतलेल्यांसाठी निवृत्तिवेतनाची सोयही आहे. पैसा येण्यात केरळला मागे टाकणाऱ्या महाराष्ट्राकडे अशी नियमित पाहणी नाही.

रत्नागिरी आणि रायगडपासून ती सुरू करावी. नोंदणीकृत एजंटांची यादी प्रत्येक ग्रामपंचायतीत लागावी, आणि बिननोंदणीच्या मध्यस्थाविरुद्धची तक्रार त्याच तालुक्याच्या पोलीस ठाण्यात नोंदवून घेतली जावी. तक्रारदाराला मुंबईचे हेलपाटे घालायला लावू नयेत. यूपीआयच्या जोडणीचा पहिला लाभ महिन्याकाठी हजार-दीड हजार दिरहम पाठवणाऱ्याला मिळावा, हा आग्रह राज्य सरकारने दिल्लीत धरला पाहिजे.